गोठवून ठेवलेली तिघं

आमची मुलगी अमरावतीच्या एका दवाखान्यात, काचेच्या बशीत जुळून आली. त्याच दिवशी त्याच बशीत आणखी तीन भ्रूण तयार झाले होते. पुढे दुसरं मूल हवं झालं तर असावेत, म्हणून ते गोठवून ठेवले. पण बाळंतपणात माझं रक्त थांबेना आणि गर्भपिशवी काढावी लागली. तिघं तिथेच राहिली. आम्ही मुलीला घेऊन अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी आलो.

मी त्यांना विसरले असं कधी झालं नाही. मुलीच्या हनुवटीला खळी आहे. तिची वेणी घालताना वाटायचं, ही खळी आणखी कुणाला आली असती? हिवाळ्यात तिच्या अंगावर गोधडी ओढताना हात थांबायचा. नवऱ्याला एकदा सांगितलं, तर म्हणाला, पेशींना थंडी वाजत नसते. त्यानंतर मी सांगणं सोडलं.

मुलगी चौथीत गेली त्या वर्षी दवाखान्यातून फोन आला. ठेवायची मुदत संपत आली होती. आम्ही गेलो. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. एक तर भ्रूण बाहेर काढून ठेवायचे, म्हणजे ते आपोआप संपतात. नाहीतर संशोधनाला द्यायचे. संशोधनात त्यांचं काय होतं, मी विचारलं. त्यांनी लपवलं नाही. भ्रूण उघडून आतल्या पेशी काढतात आणि वाढवतात. त्यातून कधीतरी डोळ्यांवर, मज्जारज्जूवर उपचार सापडतील अशी आशा आहे. भ्रूण मात्र उरत नाही. दुसऱ्या एखाद्या जोडप्याला देता येतील का, हेही विचारलं. ते कायद्यात बसत नाही, म्हणाल्या.

मज्जारज्जू म्हटल्याबरोबर नवऱ्याचं ठरलं. त्याच्या धाकट्या भावानं, माझ्या दिरानं, कॉलेजात असताना कौंडण्यपूरला नदीत सूर मारला होता. पाणी उथळ निघालं. तेव्हापासून मानेखाली त्याचं अंग हलत नव्हतं. आमच्याच घरात, पुढच्या खोलीत त्याची खाट होती. परतीच्या बसमध्ये नवरा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, नाहीतरी संपणारच आहेत, त्यापेक्षा कुणी उभं राहिलं तर वाईट काय? त्याचं चुकत नव्हतं. पण उभा राहणारा कुणाचा तरी मुलगा असणार होता आणि उघडलं जाणारं माझं.

घरी सासूबाईंच्या कानावर घातलं. जे जन्मालाच आले नाहीत त्यांचं सुतक नसतं, एवढं बोलून त्या भाजी निवडायला बसल्या.

दिराला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण खोलीला दार असं नव्हतंच, पडदा होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला भरवत होते. त्यानं घास नको म्हणून मान फिरवली.

"वयनी, मी बरा होईन म्हून देऊन राहिले असान, तर नका देऊ," तो म्हणाला. "मी काई बरा होत नाई. अन् मंग तुमी माह्या तोंडाकडे पाहून त्या पोरायचा हिशोब करत बससान."

डॉक्टरबाई भ्रूण म्हणायच्या, नवरा पेशी म्हणायचा. पोरं म्हणणारा घरात हा पहिला. मी वाटी ठेवली आणि परसात जाऊन उभी राहिले.

रात्री त्यानं भावालाही तेच ऐकवलं. त्यामुळे आम्ही पुन्हा अमरावतीला गेलो तेव्हा नवरा पेन हातात घेऊन नुसता बसून राहिला. भावाचं कारण गेल्यावर त्याच्याकडे दुसरं कारण नव्हतं. मी त्याच्या हातून पेन घेतलं आणि फॉर्मवर संशोधनापुढे सही केली. मग त्यानं केली. मी का केली, हे मला आजही धड सांगता येत नाही. 'आपोआप संपतात' हे मला सोसत नव्हतं. शेवटी कुणीतरी त्यांच्याकडे नीट पाहावं, एवढंच मनात होतं.

घरी येऊन दिराला सांगितलं, "दिली, पण तुमच्यासाठी नाही."

"बरं," तो म्हणाला.

दोन पावसाळ्यांनंतर तो छातीत कफ साठून गेला. त्याचं सगळं रीतसर केलं. त्याच सुमारास मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, त्या तिघांचं काय झालं? त्या म्हणाल्या, कळायला मार्ग नाही, देताना नावं काढून टाकतात. कामी आलेही नसतील. किंवा एखाद्याच्या पेशी कुठेतरी अजून वाढत असतील. नीट जपल्या तर त्या वर्षानुवर्षं वाढतात. मी फोन ठेवला. म्हणजे जन्मलेलं नाही आणि मेलेलंही नाही, असं माझं काहीतरी कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी बशीत वाढतं आहे. किंवा नाही. भांडी लावतानासुद्धा हा विचार येतो.

गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन सेमाडोहला गेलो होतो. सकाळी जंगलात जायला जिप्सी उभी होती. आम्ही तिघं चढून बसलो. ड्रायव्हरनं किल्ली फिरवण्याआधी सवयीनं विचारलं, "कोनी राह्यलं का मांगं?"

मी वळून पाहिलं. धुक्यात नुसता रस्ता होता. "नाही, चला," नवरा म्हणाला. पण तोही मागेच बघत होता.