चढणीवर गाणाऱ्या मावशी

शलोममावशी चढ आला की गायला लागायच्या. न्यूयॉर्कजवळच्या एडिसनमधल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. त्या तळमजल्यावर राहायच्या, आम्ही तिसऱ्यावर. गुडघ्यावर हात ठेवून त्या जिना चढत, तेव्हा त्यांचा घोगरा आवाज आधी वर पोचायचा आणि बऱ्याच वेळाने त्या.

मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. इथल्या सिनेगॉगमध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, तुम्ही ज्यू कधी झालात? मावशी न चिडता सांगायच्या, "आमचे लोक कोकणात उतरले, तेव्हा तुमचं न्यूयॉर्क कुठे होतं?"

गाण्याबद्दल मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की पूर्वी त्यांचे लोक सणांना पायी जेरुसलेमला जायचे. शहर डोंगरावर. कुठूनही निघालं तरी शेवटी चढणच. बरोबर म्हातारी माणसं, कडेवर पोरं, वाटेत चोरांचं भय. त्या वाटेवर म्हणायची स्तोत्रंच वेगळी होती. मावशी एक ओळ हिब्रूत म्हणायच्या आणि लगेच तिचा अर्थ आपल्या मराठीत, त्याच चालीवर. मी म्हटलं, ही गाणी देवळात पोचल्यावर नाही म्हणत? त्या म्हणाल्या, "पोचलेल्याला धीर कशाला लागतो, पोरी? दम लागलेल्याला लागतो."

एका हिवाळ्यात माझा नवरा निखिल पार्किंगमध्ये बर्फावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, डॉक्टर म्हणाले आता चालायला लागा. पण पहिल्याच आठवड्यात तो जिन्यात पुन्हा पडला आणि त्याचा धीरच खचला. फिजिओच्या अपॉइंटमेंट्स तो एकामागून एक कॅन्सल करायला लागला. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार, हे दोघांनाही माहीत होतं, पण त्यावर आम्ही बोलत नव्हतो. नागपूरला आईला फोनवर मी रोज सांगत होते, छान चाललंय.

मावशी रोज वर यायच्या, चहा घ्यायच्या, उपदेश मात्र कधी केला नाही. एके दिवशी निघताना त्या निखिलला म्हणाल्या, "मला खाली उतरायची भीती वाटते रे. आधार नको, नुसती सोबत दे." त्यांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्यात कुबडी घेऊन, तो एकेक पायरी उतरला. मी मागोमाग.

खरी परीक्षा वर येताना होती. मावशी पुन्हा त्याच्याबरोबर निघाल्या, गात. पहिल्या वळणावर तो थांबला. कपाळावर घाम. म्हणाला, "मावशी, खरं सांगू? मला देवबिव कळत नाही."

"त्या वाटेवरच्या सगळ्यांना कुठे कळत होता? काहींचे नुसते पाय दुखत होते. तेही गायचे."

निखिल हसला. अपघातानंतर प्रथमच. पुढच्या वळणापासून तोही गुणगुणायला लागला, बेसूर, शब्द न कळता. दार उघडून मी बाजूला झाले आणि तो आपल्या पायांनी आत आला. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच फोन करून फिजिओची वेळ घेतली, आणि उन्हाळ्यात तो ऑफिसला ड्राइव्ह करत जायला लागला.

आता मावशी मुलाकडे, दूर चँडलरला असतात. फोनवर ऐकायला कमी येतं, तरी बोलतात भरपूर. पण माझ्या मनात राहिलाय तो रविवार, निखिल ऑफिसला जायला लागला त्यानंतरचा. त्यांच्या लोकांच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू नबीला त्यांनी, कुणालाही न सांगता, निखिल चालावा म्हणून नवस केला होता. त्या नवसाचा मलिदा त्यांनी आमच्या घरी येऊन केला होता: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. प्रार्थना झाली. निखिलला वाढून झालं. मी सवयीने त्याचं पाणी, उशी, कुबडी बघत घरभर फिरत होते.

मावशींनी माझा हात धरला. "अगं, तो पडला त्या दिवसापासून तू उभीच आहेस," त्या म्हणाल्या. "बस आता."

मी बसले. पहिला घास तोंडात गेला आणि इतक्या महिन्यांचं रडू एकदम आलं. मावशींनी माझ्या बशीत आणखी थोडा मलिदा वाढला.