औंधचा हार आणि सांगलीचं गेट

वॉरंटी शाबूत राहावी म्हणूनच आम्ही सांगलीला निघालो होतो. हे आधीच सांगते, कारण पुढे आम्हाला बेजबाबदार ठरवण्यात आलं. गाडी चौदा महिन्यांची, सांगलीच्याच शोरूममधून घेतलेली. सर्व्हिसिंगची तारीख बुधवारची, आणि बुधवारीच सकाळी सातला आम्ही कोरेगावजवळच्या मामाच्या गावातून बाहेर पडलो. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालाय. सात म्हणजे सात.

मामी काठी टेकून दारात उभी होती. तिचे दोन्ही गुडघे बदललेत. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जावं लागतं, आणि एसटीची पायरी तिला चढत नाही. गाडी घेतली ती एवढ्यासाठीच.

"सांजच्याला गाडी दारात पायजे," ती म्हणाली. "उद्या माझा व्यायाम हाय."

वाटेत औंधला यमाईचं दर्शन घेतलं. पौषातली यात्रा नुकतीच उरकली होती. डोंगरावर वारा आणि आम्ही. झेंडूचा हार मी घेतला. ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारी माझ्यासारखी माणसं देवाला जात नाहीत असा लोकांचा समज आहे. जातात, छापत नाहीत. देवीच्या पायाला लावून आणलेला हार मामाने गाडीच्या पुढच्या जाळीला तारेने बांधला. असा हार आमच्याकडे कुणी हाताने काढत नाही. तो वाळतो, गळतो आणि आपला आपण जातो.

पुसेसावळीनंतर रस्ता उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून चालला. कडेगाव गेलं, ऊस विरळ झाला, माळ सुरू झाला, आणि इंजिनातून कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखा आवाज आला. मामाने गाडी कडेला घेतली. तेलाचा लाल दिवा लागला होता. तापमानाचा काटा मध्यावर होता. पुन्हा किल्ली फिरवली तर इंजिन हललंच नाही.

अर्ध्या तासाने एक जीप थांबली. मागच्या काचेवरचं फौजेचं चिन्ह बघून थांबलो, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. नाव बापू, राहणार विट्याजवळ, धंदा गलाईचा (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा), दुकान कोइमतूरला. यात्रेसाठी गावी आले होते.

"काय झालं, फौजी?"

"बसली."

बापूंनी बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली आणि स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर पुसली. रुमाल उन्हात तिरका धरला.

"ताई, हिकडं बघा. कण चमकत्यात न्हवं? तांबं हाय. आतलं बेअरिंग खाल्लं."

"नक्की?"

"वीस वर्सं दुकानातला केर जाळून त्यातनं सोनं काढतुय. मला तांबं कळंना व्हय?" त्यांनी रुमालाची घडी घालून माझ्या हातात दिली. "धुवू नका."

त्यांनी दोरी लावून आम्हाला विट्यापर्यंत ओढलं. तिथे मिसळ खाल्ली. मामाने शांतपणे दोन पाव जास्त घेतले, म्हणजे काळजीत होता. दोन तासांनी कंपनीची मोफत मदतगाडी आली. वॉरंटीतली फुकट मिळालेली ती शेवटची गोष्ट, असं तेव्हा वाटलं. तासगावच्या द्राक्षबागा आम्ही तिच्या केबिनमधून पाहिल्या, स्वतःच्या गाडीकडे पाठ करून.

सांगलीच्या शोरूमचे मॅनेजर इस्त्रीचे होते. त्यांनी इंजिनाकडे बघण्याआधी हाराचे चार फोटो काढले.

"सर, जाळीत फॉरेन ऑब्जेक्ट आहे."

"फॉरेनचं न्हाई, औंधचं हाय," मामा म्हणाला.

"हवा अडली, इंजिन तापलं. हे वॉरंटीत बसत नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला. बाह्य अडथळ्यामुळे इंजिन निकामी, दुरुस्तीचा खर्च ग्राहकाचा, ग्राहकास मान्य. "इथे सही."

मामाने पेन उचललं. फौजेत इथे सही म्हटलं की सही करायची असते, आणि त्याने ती आयुष्यभर केलीय. मी त्याचं मनगट धरलं.

"सोड गं. साहेब खोळंबल्यात."

"साहेबांनी इंजिन उघडलंय का? काटा मध्यावर होता, मामा. तू स्वतः बघितलास." मी रुमाल उलगडून टेबलावर ठेवला. "आणि हे तांबं. झेंडूतून गळतं का?"

"मॅडम, रुमाल हा पुरावा होत नाही."

मी मान वळवली, कारण पुढचा शब्द छापण्यासारखा नव्हता. वळले आणि भिंत दिसली. भिंतभर फोटो होते: नवी गाडी, तिचा मालक, आणि प्रत्येक गाडीच्या पुढच्या जाळीवर दंडाएवढा जाड हार. तिसऱ्या ओळीत मामा होता. बाजूला मामी, काठीसह. हाराचं दुसरं टोक धरून हसत होते ते हेच मॅनेजर.

"हा कुठला ऑब्जेक्ट?" मी विचारलं.

मॅनेजरनी फोटो नीट बघितला. "तो डिलिव्हरीचा हार असतो. तो चालतो."

"कुठपर्यंत?"

त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. "गेटपर्यंत."

मामाने पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "म्हंजे हार घालून गाडी तुमीच माझ्या ताब्यात दिली. आन् गेटवर उतरवा म्हणून कोन बोललं न्हाई. पुस्तकात लिवलंय का कुटं?"

वॉरंटीच्या पुस्तकात नव्हतं. मी ते मदतगाडीतच पुरतं वाचून काढलं होतं; तासगाव लांब आहे.

मामाने 'मान्य' हा शब्द आडवी रेघ मारून खोडला. त्याखाली टाकीने कोरल्यासारख्या अक्षरांत लिहिलं: काटा मध्यावर होता. तेलात तांबं आहे. इंजिन उघडताना मला बोलवावे. मग सही, हुद्दा आणि फौजेतला नंबर. मॅनेजरनी शिक्का मारून प्रत दिली. नंबर बघून दिली की मला घालवायला, ते कळलं नाही.

एसटीने परतलो. मामाने मामीसाठी भडंग (तिखट परतलेले चुरमुरे) घेतलं. चढताना तो पायरीवर क्षणभर थांबला आणि पायाने तिची उंची मोजली.

पुढे मी कंपनीला सात पत्रं लिहिली. तिसऱ्यानंतर इंजिन मामाच्या समोर उघडलं गेलं. बेअरिंग झिजून कागद झालं होतं. मधले दोन महिने मामी शेजारच्याच्या टेम्पोत, केबिनमध्ये उचलून बसवली जात होती. हे मी प्रत्येक पत्रात लिहिलं. एकाही उत्तरात आलं नाही. इंजिन मात्र नवीन आलं, वॉरंटीतून.

गाडी आणायला गेलो तेव्हा मॅनेजर नवा हार घेऊन उभे होते. फोटोवालाही होता.

"घाला की," मामा म्हणाला. "पर गेटच्या भाईर बी चालतो म्हणून आदी लेखी द्या."

हार तसाच मागच्या सीटवर बसून घरी आला. मी वाटभर पत्रकाचा मजकूर जुळवत होते: सही करण्याआधी भिंत बघा. मामी काठी टेकत आली, दार उघडून आत वाकली आणि हाराकडे बघत राहिली.

"ह्यो माझ्या गळ्यात घालू नगासा," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांची गॅरंटी अजून चालू हाय. सरकवा तिकडं, मला बसू द्या."