पोचवायला निघणारी मावशी

माझ्या साखरा गावच्या मावशीनं जन्मात एका तरी पाहुण्याला बसल्या जागेवरून निरोप दिल्याचं कुणी सिद्ध करावं, मी मिशा उतरवून देईन! पाहुणा उठला की ती उठायची, आणि उठली की थेट फाट्यापर्यंत जायची. मतं मागायला आलेल्या दोन्ही पार्ट्यांना तिनं सारख्याच मायेनं फाट्यावर पोचवलं. दोघंही मत पक्कं समजून सेनगावला गेले. मला तर फाट्यावरच्या प्रवासी जीपमध्ये बसवून जीप सुरू झाली तरी ती खिडकी सोडायची नाही. "लेकरू लई वाळलं हो," असं ती जीपमधल्या अनोळखी माणसांना सांगायची, आणि ती भली माणसं सेनगाव येईस्तोवर मला शेंगदाणे खाऊ घालायची. लाजेनं मी अर्धमेला व्हायचो.

मग तिची चाल आखडली, हात ताठरले. पार्किन्सन म्हणून गोळ्या सुरू झाल्या, पण गुण येईना. त्यात उभी राहिली की भोवळ येऊन पडायची. शेवटी तिला नांदेडला नेलं. तिथं कानशिलावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवून मेंदूतलं रक्त कसं वाहतं ते बघतात, आधी आडवं निजवून, मग उभं करून. त्यावरून आजाराची जात ओळखायला मदत होते म्हणे. यंत्रातून सूं-सूं आवाज येऊ लागला. यंत्र धरणारी पोरगी "हलू नका आजी" म्हणतेय, तोच डॉक्टरीणबाई आत आल्या आणि मावशी माझा खांदा धरून उभी!

"आवं, बाई आल्या अन् मी लोळत पडू व्हय?"

यंत्र कानशिलावरच होतं. सूं-सूं एकदम बारीक झालं आणि मावशी माझ्या अंगावर कलंडली. थोड्या वेळानं रीतसर तपासलं, तरी तेच. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "हा नेहमीचा पार्किन्सन वाटत नाही. ही दुसरी जात दिसते. उभं राहिलं की मेंदूला रक्त कमी पडतं. गोळ्यांचा फारसा उपयोग होणार नाही. त्यांना एकटं उठू देऊ नका."

उठू देऊ नका! आणि तेही मावशीला!

आता पाहुणा निघतोय असं कळलं की ती उठू बघते, म्हणून तिचा डोळा लागला की आम्ही सगळे चोरासारखे सटकतो. जीपमध्ये मला कुणी काही विचारत नाही. खरं सांगतो, जीव तुटतो.

परवा दुपारी तिचे डोळे मिटलेले पाहून मी पिशवी उचलली आणि पाय न वाजवता उंबऱ्याशी आलो. मागून आवाज आला. वळून पाहिलं, तर डोळे तसेच गच्च मिटलेले.

"जाय बाबा. मी झोपले हाय."