बाभळीच्या शेंगा

चुलीवर चहा उकळत होता आणि हरणाबाई मांडीवर कोकरू घेऊन त्याला बाटलीनं दूध पाजत होत्या. चाऱ्याअभावी त्याच्या आईचं दूध आटलेलं. मे महिन्यात जतकडं सकाळीच पत्रा तापून कडकडतो. तेवढ्यात दार वाजलं.

दारात लालासाहेब होता, पलीकडच्या आळीतला. गायरानात झाडं लावायच्या कामावर तो मुकादम होता.

"काकू, उद्यापासनं मेंढरं गायरानात आणू नका. कुंपण घालायचंय."

"परत? मागल्या खेपंची रोपं कुठं गेली?"

"वाळली की. हितं माणसांनाच टँकर, रोपांना कोण पाणी घालतंय? आता त्याच खड्ड्यात नवी लावायची."

"कशापायी?"

"परदेशात समद्या देशांची बैठक झाली. जगाचा ताप किती वाढू द्यायचा ते ठरलंय. म्हणून झाडांचा आकडा भरायचाय."

"ठरल्यावर थांबला का रं ताप?"

लालासाहेब कसनुसा हसला. "कसला थांबतोय. दरसाल ऊन वाढतंयच." चुलीवरचा चहा स्वतःच कपात ओतून घेत तो हळूच म्हणाला, "आन् गायरानातल्या जुन्या बाभळीवर तोडायची लाल खूण केलीया. खड्ड्यांच्या रांगेत येतीया. जुनं झाड आकड्यात धरत न्हाईत, काकू. नवंच धरत्यात."

हरणाबाईंची बाटली हातातच राहिली. कोकरू हिसके देऊ लागलं.

मालक होते तोवर दिवाळी झाली की दोघं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी पार पाटणपर्यंत उतरायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायची. दोन्ही लेकींच्या झोळ्या ह्याच बाभळीला टांगलेल्या. आता मालक नव्हते, लेकी सासरी गेल्या होत्या आणि गुडघे गायरानापलीकडं जाऊ देत नव्हते. कळप मूठभर उरला होता. उन्हाळ्याच्या शेवटी त्याचं पोट भरायचं ते त्या झाडाच्या शेंगांवरच. शेंगा नुकत्या कुठं गळायला लागल्या होत्या.

"तू सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं की. माझं कोण ऐकतंय? न्हाई तोडली तर मलाच घरी बसवतील."

लालासाहेबाची घरची तऱ्हा हरणाबाईंना ठाऊक होती. त्यांनी कोकराच्या तोंडावरचं दूध पदरानं पुसलं, त्याला खाली सोडलं आणि भिंतीला धरून उठल्या.

"लालासाहेब, तोडायचं तुमचं ठरलंय, मी आडवी येत न्हाई. शेंगा गळून होईस्तवर कुंपण आन् कुऱ्हाड तेवढी थांबवा."