दोन सूत कागद

बाइंडरकाकांचं खरं नाव लाइटबिलावर होतं आणि तिथेच राहिलं. गल्लीत कुणाला ते माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात शिलाईची चौकट, मधे लोखंडी दाबयंत्र, मागे कागद कापायचं मोठं यंत्र. स्टुलावर काका. ग्राहक आला की मान वर करायचे, पुस्तक हातात घेऊन कडा बघायचे आणि कधी मिळेल तो वार सांगायचे. घासाघीस करणाऱ्याचं पुस्तक त्याच्यासमोर परत सरकवायचे. नाकावर माशी बसू न देणारा माणूस म्हणतात ना, तो हा.

त्यांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. बांधणाऱ्याने वाचायचं नसतं. वाचत बसलास तर उपाशी मरशील. काकांनी हे असं काही मनावर घेतलं की शेहेचाळीस वर्षांत हजारो पुस्तकं हाताखालून गेली आणि एकाचंही पान त्यांनी वाचलं नाही. पानाकडे बघायचे ते समास किती सुटलाय आणि शिलाई कुठे धरायची एवढ्यापुरतं. मजकूर म्हणजे त्यांच्या लेखी कागदावरची काळी धूळ. खरं सांगू का, घरातल्या माणसांकडेही ते असेच कडेकडेने बघत आले. पगारी नोकर ठेवला नाही, व्यसन केलं नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. पण बायको काय बोलते आणि पोरगा कशाला हसतो, हे कधी उघडून बघितलं नाही.

हसायची कारणं घरात होती. पोरगा सात वर्षांचा झाला तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याची आई कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून चित्रकथेचा नवा अंक आणायची. रंगीत कव्हर, आत चौकटी-चौकटींतून पळणारी, उडणारी, मार खाणारी माणसं. मायलेक पलंगावर पालथे पडून तो वाचायचे. आई वेगवेगळे आवाज काढायची, पोरगा खिदळायचा. काका आठनंतर यायचे तोवर हसणं संपून ताटं वाढलेली असायची.

असे एकशे चौदा अंक झाले. एकशे पंधरावा आलाच नाही, कारण आणणारी गेली. सहा महिन्यांच्या दुखण्यात गेली. पोरगा तेव्हा साडेसोळा वर्षांचा. पुढे वर्षभर बापलेक एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिले. मग पोरगा शिकायला दुसऱ्या शहरात निघाला. दारात बॅग उचलता उचलता म्हणाला, "बाबा, माझे अंक नीट ठेवा हं. ओल लागू देऊ नका."

नीट ठेवा! बाइंडरला नीट ठेवा म्हटल्यावर तो काय करणार? तुम्हीच सांगा. काकांनी तीन दिवस दुकान बंद ठेवलं. सगळ्या अंकांच्या पिना काढल्या. कव्हरं फाडून बाजूला टाकली, कारण मासिकं बांधताना कव्हरं काढायची हीच धंद्याची रीत. बारा-बारा अंकांचा एक गठ्ठा करून शिवला, यंत्राखाली घेतला आणि तिन्ही बाजूंनी दोन सूत, म्हणजे पाव इंच, कापून कडा आरशासारख्या सरळ केल्या. एक घाव, दोन तुकडे. कापलेल्या पट्ट्यांचा ढीग पायाशी पडला, तोच चुलीत सारून त्यावर खळ शिजवली. वर लाल कापड, पाठीवर सोनेरी आकडे. नऊ जाड ग्रंथ झाले, आणि उरलेल्या सहा अंकांचं एक बारकं पुस्तक. उभ्या आयुष्यात इतकं देखणं काम त्यांनी कुणासाठी केलं नव्हतं. हे प्रेमच होतं. त्यांना तेवढीच एक भाषा येत होती.

सुट्टीत पोरगा आला. काकांनी दहाही खंड टेबलावर ओळीने मांडले. पोराने पहिला उघडला, पहिलं पान खिडकीकडे धरलं. दुसरा उघडला. मग मिटला. "मजबूत बांधलेत," एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला. परत जाताना त्याने एकही सोबत नेला नाही. काय बिनसलं ते काकांना कळलं नाही, आणि विचारायचं कसं हे तर त्याहून कळलं नाही.

कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं, ते आणखी दोन वर्षांनी. दुकानात एक गृहस्थ खोकी करून घ्यायला यायचे. जुने चित्रकथांचे अंक जमवायचा त्यांना नाद, आणि ते हाताळायला खिशात पांढरे हातमोजे; म्हणून गल्लीने त्यांचं नाव हातमोजेवाले ठेवलेलं. त्यांची नजर फळीवरच्या लाल खंडांवर गेली. एक उघडला आणि माणूस मटकन स्टुलावरच बसला. म्हणाले, अहो, कव्हर काढलंत? कडा कापल्यात? पिना? मग घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात त्यांनी समजावलं की जपणाऱ्याच्या दृष्टीने हे अंक मेले. अंक जसा छापून आला तसाच राहिला, तरच तो राहिला.

काकांनी ऐकून घेतलं. त्यांच्या डोक्यात एकच घंटा वाजली: म्हणून पोरगा गप्प झाला. मी त्याची ठेव कापून टाकली.

त्या दिवसापासून वरातीमागून घोडं निघालं, ते बावीस वर्षं चाललं. तेच एकशे चौदा अंक पुन्हा मिळवायचे, कोरे करकरीत, आणि पोराच्या हातात ठेवायचे. तोवर एक शब्द बोलायचा नाही. रद्दीवाले, जुनी वाचनालयं, घर बदलणारी माणसं, काकांनी कुणाला सोडलं नाही. मिळालेल्या अंकावर कुणाच्या तरी पोराचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असे, कुणी हिरोला मिशा काढलेल्या असत. काका मऊ रबराने ते अलगद पुसून टाकत. पेन्सिलीची एक रेघसुद्धा अंकाची किंमत उतरवते, असं हातमोजेवाल्यांनी बजावलं होतं.

आणि ते जपणं काय वर्णावं! तळहातावरच्या फोडासारखं. घरातली मधली खोली त्यांनी अंकांना दिली, कारण तिच्या चारही भिंती आतल्या, बाहेरच्या ओलीशी तिचा संबंध नाही. खिडकी नाही म्हणजे ऊन नाही. प्रत्येक अंक वेगळ्या पिशवीत. बाजारातली वास येणारी पिशवी नाही, ती काही वर्षांत पिवळी पडून शाईला चिकटते. बिनवासाची, स्वच्छ, काचेसारखी. अंकाच्या पाठीशी आम्ल नसलेला पुठ्ठा. हे पुठ्ठे काका खास मागवायचे आणि आले की आठवडाभर दाबून सपाट करायचे. मग अंक खोक्यात उभे. फार घट्ट नाहीत, कडा दुमडतात. फार सैल नाहीत, कंबर वाकते. खोकी जमिनीवर नाहीत, फळ्यांवर. ओल शोषणाऱ्या पुड्या महिन्याला वाळवायच्या, पिशव्या पाच वर्षांनी बदलायच्या. भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारी तबकडी. तिचा काटा जरा सरकला की काकांचा जीव वर-खाली. स्वतःच्या छातीत कफ भरलेला असायचा, तो मात्र औषधाविना वर्षानुवर्षं मुक्कामाला. हातमोजेही त्यांनी सोडून दिले. जाड हाताने कोपरा दुमडतो. त्यापेक्षा हात धुऊन, कोरडे करून धरावा. हातमोजेवाल्यांना हे पटलं नाही. ते वारले तोवर दोघांचा त्यावर वाद चालू होता, आणि काकांना वाद घालायला दुसरं कुणी नव्हतं.

पोरगा तिकडेच नोकरीला लागला, तिकडेच संसार थाटला. दर रविवारी अकराला फोन. तब्येत बरी? जेवण करता ना? इकडे येता का? तीन प्रश्न, तीन उत्तरं, दीड मिनिट. फोन ठेवला की काका मधल्या खोलीत जाऊन तबकडी बघून यायचे. एकटेपणा वाटायचा का? वाटायचा, चांगलाच वाटायचा. भाकरी करपली तरी कुणाला सांगणार, आणि छान झाली तरी कुणाला. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की आपण कुणासाठी तरी काहीतरी करतोय असं त्यांना वाटायचं.

यंदा एकशे चौदावा मिळाला. काकांनी तो पिशवीत सरकवला, खोक्याचं झाकण लावलं आणि रविवारची वाट न बघता फोन केला. म्हणाले, एकदा येऊन जा, काम आहे. आयुष्यात पहिल्यांदा बापाने बोलावलं म्हटल्यावर पोरगा घाबरला. दोन दिवसांत आला, आणि दारातच डॉक्टरांचे कागद मागू लागला.

काकांनी त्याला मधल्या खोलीत नेलं. झाकणं काढली. एकशे चौदा अंक, क्रमाने, जसे काल छापून आले. बावीस वर्षांचं भाषण त्यांनी पाठ केलं होतं. त्यातलं तोंडातून एवढंच आलं, की मी चूक केली होती, ती भरून काढली.

पोरगा खोक्यांपाशी वाकला. केस पिकायला लागलेला माणूस तो आता. एक पिशवी उचलली, उलटसुलट केली, पुन्हा जागच्या जागी उभी ठेवली. "एवढं कशाला केलंत, बाबा?" म्हणाला. मग त्याने विचारलं, "ते बांधलेले कुठे आहेत?"

काका ओशाळले. पलीकडे पुठ्ठ्यांचा थर होता, आणि तो सपाट राहावा म्हणून त्यावर ते दहा लाल खंड. बावीस वर्षं ते वजनं म्हणून कामाला होते. पोराने वरचा उचलला, दिव्याखाली उघडला आणि पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर, वरच्या कडेला बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. डोकं उडालेल्या, धड राहिलेल्या.

"आई लिहायची," तो म्हणाला. "प्रत्येक अंकावर. त्या दिवशी काय झालं ते, एक ओळ. कव्हर गुळगुळीत, त्यावर पेन्सिल उठायची नाही, म्हणून आत लिहायची."

काकांनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं. अंदाजाने लागत होतं: *ताप उतरला.* पुढच्या अंकावर काहीतरी *पडला, हसला.* त्यापुढच्यावर नुसत्या शेपट्या. यंत्राचं पातं नेमकं त्या ओळींवरून गेलं होतं. दोन सूत. आणि त्या पट्ट्या चुलीत घालून त्यावर त्यांनी खळ शिजवली होती. हे पोराला माहीत नव्हतं. काकांना आठवलं, आणि त्यांनी फळीची कड घट्ट धरली.

"तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलू? तुम्हाला माहीतच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. तेच जास्त लागलं."

त्यात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत होता आणि कापणाराही हाच होता. दुनियाभराच्या पोरांची नावं रबराने पुसून त्यांनी एकशे चौदा अंक गोळा केले, आणि त्यातल्या एकावरही तिचं अक्षर नव्हतं.

निघताना पोराने विचारलं, हे खंड नेऊ का? काकांनी मान हलवली. स्वतःच जुन्या चादरीत बांधून दिले, कोपऱ्यांना पुठ्ठे लावून. खोक्यातल्या अंकांचं काय करायचं, तो विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. रिक्षा दाराशी आली तेव्हा काकांनी पोराच्या बाहीला हात लावला.

"तेवढं बारकं माझ्याकडे राहू दे."

पोराने गाठोडं सोडून ते काढून दिलं. जाताना वाकून नमस्कार केला, आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकलेला राहिला.

दुपारी काका मधल्या खोलीत स्टुलावर बसले. बारकं मांडीवर घेतलं. तिच्या शेवटच्या सहा महिन्यांचे सहा अंक. उस्तादाचा नियम मोडून त्यांनी पहिल्या चौकटीपासून वाचायला घेतलं, बोट फिरवत, ओठ हलवत. एक जण उंच इमारतीवरून पडतो आणि अधांतरी लटकतो, हे वाचून ते थोडे हसलेही. ओळी लागायला वेळ लागे. पहिल्यावर *औषध कडू.* दुसऱ्यावर शाळेचं काहीतरी. तिसऱ्यावरची पुसटच. चौथ्या अंकावर अक्षर थरथरलेलं, पण जरा खाली उतरलं होतं, म्हणून पात्यातून जवळजवळ सगळं वाचलं होतं: *आज हे लवकर घरी आले.*

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. नऊ वर्षांच्या नोंदींत तिने लिहून ठेवावी एवढी ती मोठी गोष्ट होती. ते कधी लवकर आले होते, कशासाठी, घरी येऊन काय बोलले, तिच्याजवळ बसले का, हे त्यांनी आठवायला घेतलं. भिंतीवरची तबकडी बघायची वेळ टळून गेली. तो दिवस कोणता, ते त्यांना काही केल्या आठवेना.