मालकांच्या बारा वर्षांच्या खुणा

टायपिंगवाल्या अक्कांमुळं मी सोलापुरात टिकलो, हे आधी सांगतो. आमच्या डीजेच्या दुकानाला लागून त्यांचं टायपिंगचं दुकान. माझं गाव चंद्रपूरकडं. आठवीतून शाळा सोडलेली, इथं ओळखीचं कुणी नाही, झोपायलाही डीजेचं दुकानच.

मालकांनी नवा लॅपटॉप घेतला, त्यात सॉफ्टवेअरही वेगळं. जुन्यातली गाणी खुणांसकट नव्यात न्यायचं काम माझ्याकडं आलं. खूण म्हणजे गाणं नेमकं कुठून उचलायचं ती जागा. मालकांनी बारा वर्षं ऐकून ऐकून एकेक केलेली. त्यांचे फोल्डरही लग्नाच्या क्रमानं: हळद, मामा नवरी आणताना, जेवण, वरात. मला वाटलं, नवं घर आहे तर जरा नीट लावून देऊ. सगळी गाणी मी दोनच फोल्डरांत ओतली, ‘जोरात’ आणि ‘हळू’. मालक खूश होतील म्हणून.

मग खुणांची यादी नव्यात घेतली. प्रत्येक गाण्यापुढं लाल चिन्ह. फाईल सापडत नाही. जुना लॅपटॉप उघडला, तिथंही लालच, कारण दोन्ही लॅपटॉप गाणी एकाच बाहेरच्या हार्डडिस्कवरून घेतात. त्याच संध्याकाळी एका घरी हळद होती.

तेवढ्यात मालकांचा फोन. “झालं का रं?”

“हो मालक, होतंय.”

“चारला येतो. मामाचं गाणं लावून दाव मला.”

चारनंतर माझी पिशवी रस्त्यावर, एवढंच मला दिसत होतं.

अक्का पाणी भरायला आल्या. “काय केलास रे? वरातीतला घोडा पळाल्यासारखं तोंड झालंय.”

सांगितलं.

“गाणी हायत का गेली?”

“आहेत. पण खुणा त्यांना जुन्याच जागी शोधतात.”

“मग जुन्या जागी ठेव की.”

“कुठलं कुठं होतं, आठवत नाही हो अक्का.”

त्या आपल्या दुकानात गेल्या आणि कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. गिऱ्हाइकांना दाखवायला मालकांनी त्यांच्याकडूनच टाइप करून घेतलेली गाण्यांची यादी, फोल्डरवार. “तुझे मालक तीनदा बदलायला लावलेत. शिव्या देत टाइप केलेय मी. वाचते, तू हलव.”

स्वतःचं शटर अर्धं ओढून त्या वाचत बसल्या. मधेच म्हणाल्या, “माझ्या आईची तेलुगू गाणी मोबाईलात होती. मोबाईल बंद पडला, तसाच खणात हाय. ‘वाचते, तू हलव’ म्हणणारं कुणी नव्हतं तेव्हा. चल, पुढचं.”

चिन्हं एकेक करून गेली. मालक आले. मी उभ्याउभ्याच मामाचं गाणं लावलं. हलगी बरोबर ठोक्यावर पडली.

“बरं,” म्हणाले आणि स्पीकर भरायला गेले. त्यांना अजून सांगायची हिंमत झालेली नाही. लॅपटॉप उघडताना आजही आधी लाल चिन्हच शोधतो.

अक्का, तुमचा तो मोबाईल फेकू नका. मी दुरुस्ती शिकेन, नाहीतर शिकलेला माणूस शोधीन. तुमच्या आईची गाणी एक दिवस तुम्हाला आणून देईन. आणि कशालाही हात लावायच्या आधी तुम्हाला विचारीन.