डिकीतले टमाटे

प्रेमला ‘उस्ताद’ म्हणणारी माणसं जेमतेम आठ, आणि त्यातलं एकही शेगावात राहत नव्हतं. कोणी अकोल्याचं, कोणी मेहकरचं, एक तर थेट नाशिकचं. आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसून, कानाला हेडफोन लावून, हातात खेळातलं स्टेअरिंग धरून ही मंडळी गाड्यांच्या शर्यती लावायची. रीतसर टीम होती हो! खामगावचा राजकुमार टीमचा म्होरक्या, आणि प्रेम त्यांचा सेटिंगवाला.

आता हे सेटिंग म्हणजे काय, ते ऐका. या खेळात शर्यतीआधी गाडी आपल्या मनाजोगती लावून घेता येते. स्प्रिंग किती कडक, शॉकप किती घट्ट, गाडी रस्त्यापासून किती वर. एकानं चांगली सेटिंग लावली की तीच फाइल सगळी टीम वापरते. प्रेमची सेटिंग लावून ही टीम दिवाळीपासून सारखी जिंकत होती, म्हणून तो उस्ताद.

बाहेर त्याला कोण विचारतो! स्टेशनाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दिवसाला चार गिऱ्हाईकं, त्यातली दोन नुसती भाव विचारणारी. खुद्द बाप, हिंमतराव, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, “आमचा पोरगा म्हणजे खायले काळ अन् भुईले भार!” अशा माणसाला कोणी उस्ताद म्हटलं तर त्याची छाती फुगणार नाही तर काय?

तसा दिवाळीआधी हाच उस्ताद सपाटून मार खात होता. ‘कडक म्हणजे रेसिंग’ हा त्याचा मंत्र. सगळं कडक करून ठेवायचा. मग वळणावर कडेच्या उंचवट्याला चाक लागलं की गाडी उडायची आणि गर्रकन उलट तोंड करून उभी राहायची. त्या दिवशी स्वारी ताटाला हात लावायची नाही. दिवाळीनंतर मात्र गाडी कशी सुतासारखी सरळ! कधीकधी आपण लावलेले आकडे थोडे वेगळेच दिसतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण जिंकणारा माणूस कशाला चौकशी करतो? आपला हात बसला, असं म्हणून तो खूश होता.

शर्यतींच्या फायनलच्या आधीच्या गुरुवारी एका गिऱ्हाईकासाठी चार्जर लागला, तो घरी राहिलेला. भरदुपारी प्रेम घरी आला. हिंमतराव ओसरीत घोरत होते, आणि आतल्या खोलीतून गाडीचा आवाज येत होता.

दारातच तो थबकला. त्याची बायको योगिनी त्याच्या खुर्चीत! पदर कमरेला खोचलेला, अनवाणी पाय पेडलवर. ज्या वळणावर दिवाळीआधी त्याची गाडी हमखास फिरायची, तिथून तिनं गाडी अशी काढली की जणू रोजचीच वाट. पडद्यावर वेळ आली ती त्याच्यापेक्षा चांगली. तिनं गाडी थांबवली, मागची स्प्रिंग दोन टप्पे नरम केली आणि पुन्हा निघाली. आणखी फास्ट!

प्रेम आत शिरला. “काय करून राह्यली व तू?”

योगिनी दचकून उठली. “काही नाई. गाडी पाहून राह्यली होती.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“अन् मले काऊन नाई सांगितलं?”

“तुम्ही हरले का जेवत नाई,” ती म्हणाली. “मंग मलेबी जेवण जात नाई.”

“पण तुले हे येते कसं?”

ती रोहिणखेडची. तिचा बाप कचरू टमाट्याचा माल जुन्या पिकअपमध्ये बाजारात न्यायचा, आणि लहानगी योगिनी मागं क्रेटजवळ बसायची. गाडी मागून आपटली की खालच्या क्रेटची चटणी व्हायची. मग बाप मिस्त्रीकडून मागच्या स्प्रिंगचे पाटे सैल करून घ्यायचा आणि विचारायचा, “बाई, आता कसं वाटते?”

“मी काय करतो, डिकीत टमाटे हायेत असं समजतो अन् चालवतो,” योगिनी म्हणाली. “आपटली का समजायचं, माल गेला.”

यावर माणसानं हसावं, बायकोच्या पाठीवर थाप द्यावी. पण प्रेमला मिरच्या झोंबल्या. चार्जर उचलून तो निघून गेला.

संध्याकाळी राजकुमार हेडफोनवर म्हणाला, “उस्ताद, रविवारी फायनल. तुले हे सुचते कसं बे?” नेमकी योगिनी चहा ठेवत होती. प्रेमनं तिला पाहिलं. पाहूनही म्हणाला, “सेटिंगले डोकं लागते भाऊ. कोणाच्याबी बसची बात नाई!”

ती कप ठेवून गेली. प्रेमचे कान तापले. फायनल होऊ दे, मग सांगू सगळ्यांना, असं त्यानं मनाला समजावलं.

रविवारी दुपारी त्यानं फाइल टीमला पाठवली. उघडून बघायचीही तसदी घेतली नाही. तिनं केलं असेलच की! शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर त्याची गाडी उडाली आणि उलट तोंडानं थांबली. मागून राजकुमारची. मग मेहकरवाल्याची. बघता बघता सगळी टीम गवतात! प्रेमनं सेटिंग उघडली. सगळं शेवटच्या टोकापर्यंत कडक. दिवाळीआधीची, त्याची स्वतःची.

योगिनी दारात मेथी निवडत बसली होती.

“हे काय केलं व?”

“तुम्हीच म्हणले ना, डोकं तुमचं. मंग तुमचंच ठेवलं.” आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच त्याला जास्त धक्का बसला.

कानात कल्ला उडाला होता. “उस्ताद, कोणाची सेटिंग हाय बे हे?” फाइल बिघडली, कॉम्प्युटर अडकला, अशी थाप जिभेच्या टोकावर तयार होती. पण ती मेथीवाली समोर बसलेली.

“माही हाय,” तो म्हणाला. “हीच तेवढी माही हाय. दिवाळीपासूनच्या साऱ्या माह्या बायकोच्या होत्या.”

योगिनीच्या हातातली काडी हातातच राहिली. आ वासून ती त्याच्याकडे बघू लागली.

मग राजकुमारचा आवाज आला, हळूच, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखा. “मंग इतके दिवस तू काय करत होता बे?”